देवनारची माती जाणार कुठे?

देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा विषय निघाला की मुंबईत दोनच आकडे ऐकू येतात: जागा किती सुटणार आणि कोटी किती लागणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने इथली १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायला मंजुरी दिली. पाठोपाठ २०२५ मध्ये महापालिकेने २,३६८ कोटींची निविदा काढली. ११० हेक्टरांवर साचलेला १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत उपसायचा, चाळायचा आणि तिथून हलवायचा, असं ते काम आहे. त्या वेळी पालिकेत नगरसेवक नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. त्यामुळे स्थायी समितीत या निविदेवर जी काही भांडणं झाली असती तीही झाली नाहीत. एक प्रश्न त्यामुळे विचारलाच गेला नाही. चाळल्यावर चाळणीखाली जी माती जमेल तिच्यात काय असेल, आणि ती कुणाच्या जमिनीवर जाऊन पडेल?

डोंगर हलवायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. मी मुलुंड पूर्वेचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये आमच्याकडचं डम्पिंग बंद झालं, त्याआधी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेऊन बसणारी घरं मी पाहिली आहेत. कचऱ्याचा ढीग आहे तिथेच राहू द्या, असं सांगणाऱ्याने आधी एक पावसाळा त्याच्या पायथ्याशी काढावा. माझी मागणी त्यापुढची आहे. त्या मातीतलं प्लास्टिक मोजल्याशिवाय तिची एकही गाडी शेतात, खाजणात किंवा बागेत रिकामी होऊ नये. आणि जिथे होईल त्या जमिनीच्या कागदावर तशी नोंद लागावी.

देवनारला कचरा टाकायला लागले १९२७ पासून. म्हणजे तळाचे थर आपल्या पणजोबांच्या काळातले. त्यात राख, चिंध्या, पत्रावळी, नारळाच्या करवंट्या, तबेल्यांचं शेण. यातलं जवळपास सगळं कुजतं आणि उरतं ते खरोखर मातीच्या जातीचं असतं. आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं आणि वाणी कागदाच्या पुडीला दोरा गुंडाळून द्यायचा, तोवरचा डोंगर हा असा होता. वरचे थर आपले आहेत. दुधाची पिशवी, कॅरीबॅग, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी, वेफर्सचं चकचकीत पाकीट, सलाईनच्या नळ्या, ताडपत्र्या, थर्माकोल. शंभर वर्षांच्या या ढिगात प्लास्टिक सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. ते वरच्या अंगाला जास्त आणि खाली कमी असणार. त्यामुळे ‘देवनारची माती’ अशी एक माती नाहीच. कुठल्या थरातून काढली यावर तिचा गुण ठरेल. म्हणून एका बाजूचे चार नमुने घेऊन अख्ख्या डोंगराला दाखला देता येणार नाही. हा मुद्दा तांत्रिक वाटेल, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

प्लास्टिक कुजत नाही, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. त्याचं जे होतं ते कुजण्याहून वाईट आहे. झोपड्यांवर, चाळींच्या पत्र्यांवर जूनआधी निळी ताडपत्री चढते, ती पुढच्या वर्षी उतरवताना काय होतं ते आठवा. हाताला निळा चुरा लागतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होतं आणि चुरत जातं. वजनाने ते जवळपास तेवढंच राहतं, फक्त डोळ्यांना दिसेनासं होतं. पाच मिलिमीटरहून लहान झालेल्या अशा कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. संज्ञा रूढ झाली २००४ पासून, तीही समुद्राच्या संदर्भात. मातीकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

उघड्या डम्पिंगवर हे चुरणं जोरात चालतं, कारण तिथे ऊन, पाऊस, आतली उष्णता आणि बुलडोझर असं सगळं एकाच जागी असतं. कचरा पसरायला, दाबायला दिवसभर यंत्रं त्याच्यावरून फिरतात आणि प्लास्टिक दळलं जातं. त्यात आगी. जानेवारी २०१६ अखेरची देवनारची आग अनेकांना आठवत असेल. उपग्रहांनी धुराचे लोट टिपले, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मार्चमध्ये पुन्हा आग. तेव्हा आपण सगळे हवेबद्दल बोललो, आणि ते बरोबरच होतं. पण अर्धवट जळलेलं प्लास्टिक वितळून, माती-राखेत मिसळून तिथेच थिजलं, त्याबद्दल कोणी बोललं नाही. त्या आगीनंतर आणखी एक गोष्ट घडली. कचरावेचकांना डम्पिंगवर जायला बंदी झाली, भिंत उंच झाली, कॅमेरे बसले. आग लावण्याचा संशय त्यांच्यावर घेणं सोपं होतं. पण ढिगातून प्लास्टिक उचलून बाहेर काढणारी शहरातली एकमेव माणसं तीच होती. बाटली, दुधाची पिशवी, कडक प्लास्टिक ती वेचायची. पातळ पन्नी आणि वेफर्सची पाकिटं तेव्हाही मागे राहायची, कारण त्यांना भंगारवाला भाव देत नाही. बंदीनंतर भाव असलेलं प्लास्टिकही ढिगातच राहू लागलं असणार.

मग पाऊस. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून जास्त पाणी पडतं आणि देवनारच्या या जुन्या ढिगाखाली पाणी अडवणारं अस्तर नाही. पाणी कचऱ्यातून झिरपून काळं होऊन बाहेर पडतं. अभियंते त्याला लीचेट म्हणतात, गोवंडीतली माणसं नुसतं ‘काळं पाणी’. चीनमधल्या चार शहरांतल्या सहा भराव क्षेत्रांचं, म्हणजे कचरा पुरायच्या जागांचं, असं पाणी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लिटरमागे ०.४२ पासून २४.५८ पर्यंत प्लास्टिकचे कण सापडले, आणि त्यातले जवळजवळ सगळे ढिगातल्या मोठ्या प्लास्टिकचे तुकडे होऊन बनलेले होते. देवनारच्या एका बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर आहे, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. त्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. खाडीच्या चिखलात चोच घालून गाळून खाणारा हा पक्षी पाहायला आपण बोटीचं तिकीट काढून जातो. तो काय काय गाळून घेत असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

म्हणून ढीग जागेवर ठेवणं हा उपाय नाही, हे मान्य. आता तो हलवण्याची पद्धत पाहू.

तिला बायोमायनिंग म्हणतात. ढिगाचे थर मोकळे करून त्यांच्या रांगा लावायच्या, त्यावर जिवाणूंचं द्रावण मारायचं, ओल आणि वास कमी झाला की सगळा माल फिरत्या पिंपासारख्या चाळणीत घालायचा. चाळणीची भोकं टप्प्याटप्प्याने बारीक होत जातात. वर राहतात दगड, विटा, चिंध्या, मोठं प्लास्टिक. जळण्याजोगं वेगळं काढून सिमेंटच्या भट्ट्यांना पाठवतात, दगडविटा भरावाला जातात. शेवटच्या, चार-सहा मिलिमीटरच्या चाळणीतून जे खाली पडतं ती माती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१९ ची मार्गदर्शक सूचना या पद्धतीला धरून आहे. आधी मुलुंडला हेच झालं. २४ हेक्टर जागा, सुमारे ७० लाख टन कचरा, ७३१ कोटींचं कंत्राट, सहा वर्षांची मुदत आणि वर मुदतवाढ.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरहून लहान. माती म्हणजे चार-सहा मिलिमीटरच्या चाळणीतून जे गळेल ते. ज्या आकाराचं प्लास्टिक मातीतून परत कधीच काढता येत नाही, नेमकं तेच आपण चाळून मातीत एकवटतो आहोत. मोठ्या पिशव्या भट्टीत जातील, त्यांचे फोटो छापून येतील. त्या पिशव्यांचा चुरा मातीबरोबर जाईल आणि त्याची कुठेही बेरीज होणार नाही.

‘पण मातीची तपासणी होते की,’ असं अधिकारी म्हणतील. होते. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खताला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाची मानकं लागतात. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५ च्या, पारा ०.१५ च्या. जड धातूंची ही यादी चांगली आहे, ती पाळली गेली तर आणखी चांगलं. त्याच मानकांत एक ओळ कणांच्या आकाराची आहे: किमान ९० टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. प्लास्टिक किती चालेल याची ओळच नाही. म्हणजे एखाद्या ढिगातली माती सगळ्या चाचण्यांत पास होईल आणि तरी मुठीत घेतल्यावर तिच्यात निळे, लाल, चंदेरी ठिपके दिसतील. कागदावर ती निर्दोषच असेल.

युरोपीय संघाने २०१९ च्या खतविषयक नियमात अशी मर्यादा घातली आहे: दोन मिलिमीटरहून मोठं प्लास्टिक किलोमागे तीन ग्रॅमच्या वर नको, आणि जुलै २०२६ पासून ते अडीच ग्रॅमवर आणायचं. तीही फक्त मोठ्या तुकड्यांना लागू. युरोपची मानकं इकडे आणा असा माझा आग्रह नाही, पण त्यांच्या आकड्याने आपला हिशेब करून पाहू. १८५ लाख टनांतली निम्मी जरी माती निघाली असं धरलं, तर ती साडेब्याण्णव लाख टन होते. वीस टनांच्या गाडीने न्यायची तर साडेचार लाखांहून जास्त खेपा. ही सगळी माती युरोपच्या मर्यादेत अगदी काठावर बसली, म्हणजे किलोला तीनच ग्रॅम प्लास्टिक असलं, तरी तिच्यासोबत सत्तावीस हजार टनांहून अधिक प्लास्टिक शहराबाहेर जाईल. हे अर्थात कागदी गणित आहे. खरा आकडा कमी असेल किंवा कितीतरी जास्त असेल. मोजा आणि सांगा, एवढीच तर मागणी आहे.

आता ही माती घेणार कोण? रस्त्याच्या भरावाखाली गेली, वर डांबर आलं, तर नुकसान आटोक्यात राहतं. काळजी आहे ती बाकीच्या वाटांची. महाराष्ट्रात शेतकऱ्याला फुकटची माती नको असते असं नाही. धरणांतला गाळ शेतात पसरायची सरकारी योजना इथे लोकप्रिय झाली ती त्यामुळेच. मुरमाड जमिनीवर चार बोटं काळा थर मिळत असेल तर भिवंडी-शहापूरचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हजर होईल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. काळी, भुसभुशीत, वास नसलेली माती पाहून कोण म्हणेल की तिच्यात शाम्पूच्या पुड्या आहेत? दुसरी वाट सखल भागांच्या भरणीची. हे शहर भरणीवरच उभं आहे, सात बेटं जोडली तीच मुळी भरणी करून. खड्डा किंवा खाजण दिसलं की त्यात काहीतरी ओतायची सवय आपल्या अंगात मुरली आहे. तिसरी वाट बागांची. सोसायटीच्या गार्डनमध्ये, रस्त्याच्या दुभाजकात, शाळेच्या मैदानात. तिथे मुलं मातीत खेळतात.

मातीत गेलेलं प्लास्टिक काय करतं, यावर आता बऱ्यापैकी काम झालं आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की पाल्यात प्लास्टिकचे कण मिसळले की गांडुळांची वाढ खुंटते, आणि प्रमाण वाढलं की ती जास्त मरतात. पुढच्या प्रयोगांत दिसलं की गांडुळं हे कण पोटातून आणि बिळांतून खाली नेतात, म्हणजे वरवर पसरलेला थर वरच राहत नाही. धाग्यांच्या आकाराचं प्लास्टिक मातीच्या ढेकळांची बांधणी बदलतं, पाणी धरून ठेवण्याची तिची क्षमता बदलते. प्लास्टिक लवचीक, रंगीत, टिकाऊ व्हावं म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू सुटतात. माणसाच्या प्रकृतीचं काय, हा प्रश्न अजून तपासला जातो आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये खाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकवर प्रकल्प हाती घेतला. उद्यापासून सगळ्यांना रोग होणार, अशी ओरड मी करणार नाही. पण माती आणि पाणी यांत मोठा फरक आहे. नासलेलं पाणी गाळता येतं, नदी काही वर्षांत वाहून स्वच्छ होते. शेतातून प्लास्टिकचा चुरा परत काढायचं यंत्र कोणाकडेही नाही. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं, आणि आपलं काम निर्धोक आहे हे दाखवायची जबाबदारी ते काम करणाऱ्यावर टाकली, ती अशाच परत न फिरणाऱ्या नुकसानांसाठी.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो खर्चाचा आणि उशिराचा. आधीच काम रखडतं, त्यात तुम्ही चाचण्या वाढवा. २,३६८ कोटी भागिले १८५ लाख टन केलं तर टनाला १,२८० रुपये येतात. मुलुंडला हाच दर साधारण १,०४४ रुपये होता. ठरावीक थरांमागे, ठरावीक टनांमागे एक नमुना घ्यायचा. मिठाच्या दाट द्रावणात तो घातला की माती तळाला बसते आणि प्लास्टिक वर तरंगतं. सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळायचा, उरलेल्याची ओळख इन्फ्रारेड यंत्राने पटवायची. यात अंतराळविज्ञान काही नाही. पवईला आयआयटी आहे, माटुंग्याला आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, वरळीला नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं केंद्र. या कामाला लागणारी माणसं आणि यंत्रं लोकलच्या अंतरावर असताना नमुना तपासायचा खर्च टनाच्या दरात किती भर घालेल? काम रखडतं ते चाचण्यांमुळे, हे तर मला मुळीच पटत नाही. मुलुंडला प्लास्टिकची अशी कोणती सक्तीची चाचणी नव्हती, तरी मुदतवाढ लागलीच.

दुसरा आक्षेप जरा खोलातला आहे. कोणी म्हणेल, प्लास्टिक काय सगळीकडेच आहे. शेतात मल्चिंगचा प्लास्टिकचा कागद पसरतो, ठिबकच्या नळ्या फुटतात, शेणखतातही दुधाच्या पिशव्या सापडतात. मग देवनारच्या मातीलाच वेगळी वागणूक का? कारण ही सरकारी माती आहे. शेतकऱ्याच्या बांधावर उडून आलेली पिशवी ही एक गोष्ट झाली. पालिकेने करदात्यांच्या पैशातून चाळलेली, वजन केलेली, गाडीत भरलेली माती ही दुसरी. तिची जबाबदारी ठरवता येते. आणि स्वच्छ भारत मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ पासून, देशभरातले जुने ढीग संपवायचं उद्दिष्ट आहे. मुंबईने जी पद्धत घातली तीच नाशिक, सोलापूर, नांदेड उचलणार. सुरुवातीलाच वाईट पायंडा पडला तर राज्यभर पडेल.

धारावीची गोष्ट मात्र मला सतावते. तिथल्या ‘तेरा कंपाउंड’ या भागात शहराचं प्लास्टिक निवडलं जातं, रंगांप्रमाणे वेगळं होतं, दळलं जातं, दाणे बनून परत कारखान्यात जातं. देवनारला जाऊ शकलं असतं असं कितीतरी प्लास्टिक धारावीने वर्षानुवर्षं अडवलं. आता त्याच धारावीतल्या लोकांना देवनारला घरं देण्याचा बेत आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत बंद केलेल्या भराव क्षेत्रावर वस्तीचा विचार पंधरा वर्षांच्या देखरेखीनंतर, वायू आणि झिरपणारं पाणी मानकांत बसल्यावर आणि जमीन स्थिर असल्याची खात्री झाल्यावरच करायचा, असं लिहिलं होतं. ढीगच उपसून नेला तर ती अट लागूच होत नाही, असा युक्तिवाद होणार. पण उपसून म्हणजे कुठवर? तळाच्या चिखलापर्यंत की टेकाड सपाट होईपर्यंत? मालाडला चिंचोलीच्या जुन्या डम्पिंगवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि खालून येणाऱ्या वायूंनी तिथले संगणक खराब होत असल्याच्या तक्रारी आल्या. गोराईचं डम्पिंग २००७ मध्ये थांबवून पुढे वर आच्छादन घालून बंद केलं, वायू गोळा करायची सोय केली. ते काम त्यातल्या त्यात शहाणपणाचं होतं. तिथे कोणी माती वाटत फिरलं नाही.

शहराचा नवा कचरा तर रोज येतोच आहे. साडेसहा-सात हजार टन, त्यातला बहुतेक कांजूरमार्गला. कांजूरच्या जागेवरून न्यायालयात वाद चालू आहे, आणि पर्याय म्हणून अंबरनाथ तालुक्यातल्या करवले गावची जमीन कित्येक वर्षं फायलीत आहे. मुंबईला जागा संपली की ती तालुक्याकडे बघते, हे काही नवं नाही. म्हणून मातीचा प्रश्नही मुंबईच्या हद्दीत संपत नाही. ढीग आपला, माती त्यांची, असा सौदा होऊ घातला आहे.

प्लास्टिकबंदीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिच्यावर शाई बरीच खर्च झाली आहे. २६ जुलैच्या पुरानंतर पिशव्यांची जाडी वाढवली. २०१८ च्या २३ जूनपासून राज्यात बंदी अमलात आली. दुधाच्या पिशवीवर परतीचे पन्नास पैसे छापायचं ठरलं, ते पन्नास पैसे कोणाला मिळाले ते दूधवालाच जाणे. मंडईत कोथिंबीर अजूनही पातळ पन्नीतच येते आणि पथकाची गाडी आली की पन्न्या गोणीखाली जातात. दंड भाजीवालीला होतो. वेफर्सचं पाकीट बनवणाऱ्याला लागू आहे ती उत्पादकाची वाढीव जबाबदारी: तितकंच प्लास्टिक गोळा केल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं की काम झालं. हा सगळा हिशेब आज बाजारात येणाऱ्या प्लास्टिकचा. तीस-चाळीस वर्षांत विकून झालेलं आणि आज देवनारच्या मातीत चुरा होऊन पडलेलं प्लास्टिक कोणाच्याही खात्यावर नाही. मला विचाराल तर मातीच्या चाचण्यांचा खर्च याच उत्पादकांच्या नोंदणीतून आणि दंडातून यावा. पालिकेच्या, म्हणजे आपल्या, खिशातून नव्हे.

वस्तीतल्या वस्तीत काम करणाऱ्या बायकांना मात्र याचा इलाज कधीच कळला आहे. स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर भगिनी, म्हणजे कचरावेचक बायका, अनेक वर्षं सोसायट्यांमध्ये ओला-सुका वेगळा करून घेतात, ओल्याचं खत तिथेच करतात. ते खत आणि मिश्र कचऱ्याच्या ढिगातून चाळलेली माती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिल्यात प्लास्टिक शिरायच्या आधीच हात लागलेला असतो. राज्याने शहरांच्या खताला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असं नाव दिलं. त्या नावाखाली एखाद्या दिवशी जुन्या ढिगातली माती विकली गेली तर भगिनींच्या खतावरचाही विश्वास जाईल. म्हणून जुन्या डम्पिंगमधून निघालेली माती खत म्हणून विकायला राज्याने सरळ मनाई करावी. मर्यादा नको, प्रमाणपत्र नको, मनाईच. भरावासाठी, रस्त्यासाठी, बंदिस्त जागेत वापरा.

बाकीचं काम साध्या कागदपत्रांचं आहे. देवनारमधून निघणारी प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून जाणारच, त्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघणार नाही. त्याच पावतीवर तीन रकाने वाढवावेत: माती कोणत्या थरातली, तिच्या नमुन्यात प्लास्टिक किती, आणि ती कोणत्या गावच्या कोणत्या गट क्रमांकावर उतरली. या पावत्या पालिकेने संकेतस्थळावर टाकाव्यात. आणि ज्या गटात माती पडली त्याच्या सातबाऱ्यावर, ‘इतर हक्क’ या रकान्यात, तलाठ्याने एक ओळ लिहावी. बँकेचा बोजा तिथे चढतो, कूळ चढतं, विहिरीतला हिस्सा चढतो. उद्या ती जमीन विकत घेणाऱ्याला, तिथे भाजी लावणाऱ्याला, मुंबईहून काय आलं होतं ते कळायला हवं. पावतीवरच्या त्या तीन रकान्यांची तरतूद कंत्राटाच्या अटींत घालायला नवा कायदा लागत नाही.